पायथनची ‘डबी’ बनेना? ग्राहकागणिक वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि त्यातल्या नऊ अडचणी



मागच्या व्हिडिओत आपण पाहिलं की एक्सेलचं तेच तेच काम पायथनच्या छोट्या प्रोग्रामकडून करून घ्यायचं आणि ती सेवा म्हणून गावातल्या व्यावसायिकांना द्यायची. दूध संकलन केंद्राची बिलं, कांदा व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या, किराणा दुकानाची उधारी अशी कामं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्यागणिक पडलेली आहेत. पण पहिला ग्राहक मिळवणं सोपं असतं. दुसरा ग्राहक आला की पहिल्याचं काम बिघडायला नको, खरी परीक्षा तिथे असते. आजचा धडा त्याबद्दल आहे.

एक सूचना आधीच देतो. व्हिडिओत कमांड स्क्रीनवर दिसतात. इथे त्या तोंडाने म्हणतो तशा मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. ‘पाय’ म्हणजे पी-वाय ही दोनच अक्षरं. ‘पिप’ म्हणजे पी-आय-पी. ‘व्हेन्व्ह’ म्हणजे व्ही-ई-एन-व्ही. आणि ‘डबी’ हे मी फोल्डरला दिलेलं नाव आहे, डी-ए-बी-आय.

आधी, झालं काय होतं ते ऐका

नेवासे तालुक्यातला आपला एक प्रेक्षक. नाव सांगत नाही, पण त्याने परवानगी दिली आहे म्हणून गोष्ट सांगतो. 2022 च्या शेवटी त्याने गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. केंद्रचालक व्हॉट्सॲपवर एक्सेल फाइल पाठवायचे: सभासद क्रमांक, सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ. हा लॅपटॉपवर प्रोग्राम चालवायचा आणि दहा दिवसांच्या पगाराची बिलं परत पाठवायचा. पशुखाद्याची उचल वजा होऊन हातात किती येणार, ते बिलावर असायचं. दीड वर्ष काम बिनबोभाट चाललं.

2024 मध्ये घोडेगावच्या कांदा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचं काम मिळालं. गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई असं धरून हिशोबपट्टी तयार करायची होती. नवीन काम, नवीन उत्साह. याने लॅपटॉपमधलं जुनं पायथन 3.11 काढून टाकलं, 3.12 टाकलं, आणि पांडाज नावाचं पॅकेज नव्याने इन्स्टॉल केलं. कांद्याचा प्रोग्राम झकास चालला. व्यापारी खूश.

पुढच्या दुधाच्या पगाराच्या आदल्या रात्री जुना प्रोग्राम चालवला, तर लाल अक्षरं आली: डेटाफ्रेम ऑब्जेक्टला ‘अपेंड’ नावाचं काही नाही.

प्रोग्राममध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग बिघडलं काय? पांडाजच्या 2.0 या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल 2023 मध्ये, डेटाफ्रेमचं ‘अपेंड’ काढून टाकलं गेलं. त्याआधी 1.4 पासूनच ते जाणार असल्याची सूचना येत होती, पण पिवळ्या अक्षरातल्या सूचना आपण कुठे वाचतो! जुना प्रोग्राम जुन्या पांडाजवर उभा होता. नव्या ग्राहकासाठी नवं पांडाज आलं आणि जुन्याच्या पायाखालची वीट निघाली.

त्या रात्री त्याने सगळी बिलं एक्सेलमध्ये हाताने केली. पहाटे झोपेत एका मावशींची पशुखाद्याची उचल दोनदा कापली गेली. दुसऱ्या दिवशी चूक सापडली, पैसेही परत गेले. पण मावशींनी केंद्रावर सगळ्यांसमोर विचारलं, “कंप्युटर चुकतो होय रे?” केंद्रचालकांनी त्याला बोलावून सांगितलं, पुढच्या पगाराला असं झालं तर आम्ही वहीवर परत जातो.

त्याच्या हातात दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत त्याने जे केलं, आणि करताना ज्या अडचणी आल्या, त्याच क्रमाने आज शिकू.

डबी म्हणजे काय?

मार्केट यार्डात दोन शेतकऱ्यांचे कांद्याचे ढीग कोणी एकत्र करत नाही. माल दिसायला सारखाच असतो, पण एकदा मिसळला की कोणाच्या गोण्या किती आणि कोणाला भाव कोणता, याचा उलगडा होत नाही. पायथनचं तसंच आहे. कंप्युटरवर एकच सामाईक ढीग असेल, तर पांडाजची एका वेळी एकच आवृत्ती त्यात राहू शकते. एका ग्राहकासाठी ती बदलली की सगळ्यांसाठी बदलली.

म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या कामाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायचं. आपण त्याला डबी म्हणू. हे एक साधं फोल्डर असतं. त्यात त्या कामापुरती पॅकेजेस राहतात आणि मूळ पायथन कुठे आहे त्याची नोंद असते. यासाठी लागणारं ‘व्हेन्व्ह’ हे साधन 2012 मध्ये आलेल्या पायथन 3.3 पासून पायथनसोबतच मिळतं. वेगळा खर्च नाही, वेगळं डाउनलोड नाही.

सरळ मार्ग चार पावलांचा आहे. विंडोजची कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडा आणि:

1. कामाच्या फोल्डरमध्ये जा:
सीडी /डी डी:\काम\दूध

2. डबी बनवा:
पाय -3.11 -एम व्हेन्व्ह डबी

3. डबी चालू करा:
डबी\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

4. लागेल ते पॅकेज टाका:
पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज

तिसऱ्या पावलानंतर ओळीच्या सुरुवातीला कंसात (डबी) असं दिसायला लागलं, की डबी चालू. काम झालं की ‘डीॲक्टिव्हेट’ लिहायचं, बस.

वाचायला दोन मिनिटं. आपल्या मित्राला मात्र चार संध्याकाळी लागल्या. कारण पुढे वाचा.

अडचण 1: डबी भलत्याच जागी बनली

त्याचं काम डी ड्राइव्हवर होतं. त्याने ‘सीडी डी:\काम\दूध’ लिहिलं, एंटर दाबलं, एरर आली नाही. म्हणून पुढे गेला. पण कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसत्या सीडीने ड्राइव्ह बदलत नाही, त्यासाठी /डी लागतो. डबी तयार झाली सी ड्राइव्हवर, आणि हा डी वर शोधत बसला.

उपाय: कमांड देण्याआधी ओळीच्या सुरुवातीचा पत्ता वाचा. आपण कुठे उभे आहोत ते तिथे लिहिलेलं असतं. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. कामाचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. डबीत हजारो बारीक फायली असतात, त्या इंटरनेटवर चढवण्यात लॅपटॉप दमतो आणि मध्येच फायली अडकतात.

अडचण 2: ‘पायथन सापडलं नाही’

पायथन टाकलेलं आहे, तरी कमांड दिली की मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या असं उत्तर येतं. याची कारणं दोन. एक, पायथन इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ची चौकट असते, ती टिक करायची राहिली. दोन, विंडोजने पायथन या नावाचा स्वतःचा एक शॉर्टकट ठेवलेला असतो आणि तो आधी उत्तर देतो.

उपाय: सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन अलायसेस’ शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा. मग इन्स्टॉलर पुन्हा चालवून पाथची चौकट टिक करा आणि काळी खिडकी बंद करून नवीन उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही, हे फार जण विसरतात.

पायथन डॉट ऑर्गवरून पायथन घेतलं असेल तर ‘पाय’ ही कमांडही मिळते.
पाय -0
(डॅश आणि शून्य.) कंप्युटरवर कोणकोणत्या आवृत्त्या आहेत त्याची यादी येते. आधी ही यादी बघायची, मगच डबी बनवायची.

अडचण 3: जुनं पांडाज नव्या पायथनवर बसत नाही

मित्राने विचार बरोबर केला. ‘अपेंड’ 2.0 मध्ये गेलं, म्हणजे त्याआधीच्या मालिकेतली शेवटची आवृत्ती 1.5.3 टाकली की झालं. त्याने 3.12 ची डबी बनवली आणि लिहिलं:
पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज==1.5.3

दहा मिनिटं काहीतरी चाललं आणि मग पानभर लाल अक्षरं. असल्या लाल पानाच्या शेवटी बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ 14.0 पाहिजे असं लिहिलेलं असतं. तो ते डाउनलोड करायला बसला. काही जीबीचं डाउनलोड, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर!

थांबा. तो मार्गच चुकीचा होता. पांडाज 1.5.3 ची तयार पॅकेजेस पायथन 3.8 ते 3.11 साठीच बनलेली आहेत. 3.12 साठी तयार माल नाही म्हणून पिप कच्चा माल आणून घरीच बनवायला लागतो, आणि त्यासाठी कारखान्याची यंत्रसामग्री मागतो. आपल्याला कारखाना टाकायचा नाही. तयार माल ज्याला बसतो ते पायथन आणायचं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डबी पॅकेजेस वेगळी ठेवते, पायथनची आवृत्ती बदलत नाही. ज्या पायथनने डबी बनवली, तेच पायथन त्या डबीत कायम राहतं.

उपाय: पायथन डॉट ऑर्गवरून 3.11.9 चा विंडोज इन्स्टॉलर घ्या. 3.11 मालिकेतला हा शेवटचा तयार इन्स्टॉलर आहे. तो 3.12 च्या शेजारी सुखाने राहतो, काहीही काढावं लागत नाही. मग जुनी डबी पुसा आणि ‘पाय -3.11’ ने नवीन बनवा.

अडचण 4: पॉवरशेल म्हणतं, स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे

विंडोज 11 मध्ये टर्मिनल उघडलं की बहुतेक वेळा पॉवरशेल येतं. तिथे डबी चालू करायला गेलं की ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टीम’ अशी एरर येते. हा पायथनचा दोष नाही. घरच्या विंडोजवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवलेल्या असतात, सुरक्षेसाठी.

उपाय दोन. सोपा उपाय: पॉवरशेलऐवजी कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथे ही बंदी नाही. दुसरा उपाय, पॉवरशेलच वापरायचं असेल तर एकदाच:
सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड

याचा अर्थ, फक्त माझ्या खात्यापुरती, आणि इंटरनेटवरून आलेल्या स्क्रिप्टवर सही असेल तरच परवानगी. काही ठिकाणी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायला सांगतात. ग्राहकाच्या कंप्युटरवर तसं कधीच करू नका. दुकानाचं कुलूप अडलं म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे.

आणखी एक गंमत. पॉवरशेलमध्ये चुकून ‘ॲक्टिव्हेट डॉट बॅट’ चालवली तर एरर येत नाही, पण डबीही चालू होत नाही. कंसातलं (डबी) दिसलं नाही तर पुढे जायचं नाही, एवढं धरून ठेवा.

अडचण 5: डबी चालू आहे, पण पॅकेज दुसरीकडेच जातंय

नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहिलं की कधी कधी दुसऱ्याच पायथनचं पिप उत्तर देतं. म्हणून मी व्हिडिओत सारखा सांगतो: नेहमी ‘पायथन -एम पिप’ असंच लिहा. म्हणजे जे पायथन प्रोग्राम चालवणार आहे, त्याच्याच घरात पॅकेज जाईल.

तपासायची कमांड:
पायथन -एम पिप --व्हर्जन

उत्तरात एक पत्ता येतो. त्या पत्त्यात तुमच्या डबीचं नाव दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तुम्ही सामाईक ढिगात उभे आहात.

डबी चालू झाल्यावर ‘पाय -3.11’ वापरू नका. आवृत्तीचा आकडा दिला की ‘पाय’ डबी सोडून मूळ पायथनकडे जातं. डबी बनवताना ‘पाय’, डबीच्या आत ‘पायथन’. हा नियम वहीत लिहून ठेवा.

व्हीएस कोड वापरणाऱ्यांसाठी: काळ्या खिडकीत प्रोग्राम चालतो आणि व्हीएस कोडमध्ये चालत नाही, याचं कारण हेच. कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ घ्या आणि डबीतलं पायथन निवडा.

अडचण 6: ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आणि नम्पायचं भांडण

नवी डबी रिकामी असते. आधी सगळं चालत होतं म्हणून डबीतही चालेल असं नाही. पांडाज टाकलं, तरी एक्सेल फाइल वाचताना ‘ओपनपायएक्सएल’ नाही म्हणून अडतं. पांडाज ते आपोआप आणत नाही, वेगळं टाकावं लागतं.

मित्राला याहून विचित्र एरर आली: नम्पाय डीटाइपचा आकार बदलला आहे. झालं असं, की पांडाज 1.5.3 ला नम्पाय लागतं आणि ‘अमुक आवृत्तीच्या पुढचं नको’ अशी अट त्यात लिहिलेली नाही. म्हणून पिप सर्वात नवीन नम्पाय आणतो. जून 2024 मध्ये नम्पाय 2.0 आलं आणि आतली रचना बदलली. जुन्या पांडाजला ती ओळखू येत नाही.

उपाय, नम्पायला अट घाला:
पायथन -एम पिप इन्स्टॉल "नम्पाय<2" पांडाज==1.5.3 ओपनपायएक्सएल

ती अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. काळ्या खिडकीत < या चिन्हाचा अर्थ ‘या फाइलमधून वाच’ असा होतो. अवतरण दिलं नाही तर कमांड 2 नावाची फाइल शोधायला जाते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दुधाचा प्रोग्राम जसाच्या तसा चालला. त्याने मागच्या तीन पगारांच्या फायली पुन्हा चालवून जुन्या बिलांशी पैशापैशापर्यंत ताडून पाहिल्या. ही सवय घ्या. ‘एरर आली नाही’ आणि ‘हिशेब बरोबर आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडचण 7: पेन ड्राइव्हवर नेलेली डबी उघडत नाही

आता उत्साहात त्याने ठरवलं, केंद्राच्या कंप्युटरवरच प्रोग्राम बसवून देऊ, म्हणजे रात्री आपल्याला जागायला नको. पूर्ण फोल्डर डबीसकट पेन ड्राइव्हवर घेतलं आणि केंद्रावर जाऊन उतरवलं. तिथे उत्तर आलं: ‘नो पायथन ॲट’ आणि पुढे त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमधला पत्ता.

डबीत मूळ पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्या कंप्युटरवर तो पत्ताच नसतो. तुमच्या कंप्युटरवरही फोल्डर हलवलं किंवा नाव बदललं तरी डबीतल्या काही गोष्टी बंद पडतात.

म्हणून सूत्र असं: डबी न्यायची नाही, डबीची यादी न्यायची. डबी चालू असताना:
पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

ही यादी म्हणजे किराण्याची चिठ्ठी. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, सगळं नेमकं. ग्राहकाच्या कंप्युटरवर पायथन 3.11 टाका, रिकामी डबी बनवा, चालू करा आणि:
पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

केंद्रावर नेट नसेल तर? घरूनच सामान भरून न्या:
पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी सामान

‘सामान’ फोल्डर आणि यादी पेन ड्राइव्हवर घ्या. तिथे:
पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स सामान -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

अट एकच. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि विंडोजचा प्रकार सारखा पाहिजे. घरी 3.12 ने भरलेलं सामान तिकडे 3.11 ला चालेलच असं नाही.

अडचण 8: रोज रात्री आपोआप चालायला हवं, पण चालत नाही

टास्क शेड्युलरमध्ये प्रोग्राम लावला, वेळ झाली, काहीच घडलं नाही. कारण तिथे नुसतं ‘पायथन’ लिहिलं होतं, आणि शेड्युलरला डबीबद्दल काही माहीत नसतं.

उपाय: आपोआप चालवण्यासाठी डबी ॲक्टिव्हेट करायची गरजच नाही. डबीतल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. ‘प्रोग्राम’च्या रकान्यात:
डी:\काम\दूध\डबी\स्क्रिप्ट्स\पायथन.ईएक्सई
‘आर्ग्युमेंट्स’मध्ये तुमच्या प्रोग्रामचं नाव, आणि ‘स्टार्ट इन’मध्ये डी:\काम\दूध. तिसरा रकाना रिकामा सोडला तर प्रोग्राम एक्सेल फाइल भलत्याच फोल्डरमध्ये शोधतो.

हाच पत्ता एका छोट्या बॅट फाइलमध्ये लिहून डेस्कटॉपवर ठेवला, तर केंद्रचालक डबल क्लिक करून बिलं काढू शकतात. त्यांना काळी खिडकी शिकवायची गरज नाही.

अडचण 9: लिनक्सवाल्यांसाठी

जुन्या कंप्युटरवर उबुंटू टाकून काम करणारेही आपल्यात आहेत. तिथे दोन एरर नेहमी भेटतात. ‘एन्शुअरपिप उपलब्ध नाही’ आली तर:
सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन3-व्हेन्व्ह

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ आली तर समजा की सिस्टीम सांगते आहे, माझ्या सामाईक ढिगात हात घालू नका, स्वतःची डबी करा. डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून हे आलं. ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ लिहून ती सूचना डावलता येते, पण नावातच सगळं आलं. डावलू नका. लिनक्सवर डबी चालू करायची कमांड ‘सोर्स डबी/बिन/ॲक्टिव्हेट’ आणि बनवायची ‘पायथन3 -एम व्हेन्व्ह डबी’.

काहीच कळेना, तर?

डबी पुसून टाका आणि पुन्हा बनवा. खरंच. नवीन मुलं बिघडलेल्या डबीची दुरुस्ती करत रात्र घालवतात. यादी जवळ असेल तर नवी डबी काही मिनिटांत तयार होते. अट एवढीच, की प्रोग्राम आणि ग्राहकाच्या एक्सेल फायली डबीच्या आत ठेवायच्या नाहीत. त्या शेजारी ठेवायच्या. डबी टाकाऊ, माल मोलाचा.

पुसण्याआधी प्रोग्रामच्या फाइलचं नावही बघा. तुम्ही स्वतःच्या फाइलला ‘पांडाज डॉट पाय’ असं नाव दिलं असेल, तर पायथन खरं पांडाज सोडून तुमचीच फाइल उचलतं. मग कितीही डब्या बनवा, एरर तीच.

आता धंद्याची गोष्ट

मित्रांनो, हा भाग वगळू नका. डबी करणं हे तांत्रिक काम वाटतं, पण ग्राहकाला तुम्ही जे विकता ते प्रत्यक्षात ‘दर दहा दिवसांनी न चुकता बिल’ हे आहे. त्याला पांडाजशी देणंघेणं नाही. म्हणून तीन सवयी लावा.

पहिली, ग्राहक वही. प्रत्येक ग्राहकासाठी एक पान. पायथनची आवृत्ती, कामाच्या फोल्डरचा पत्ता, यादी शेवटची कधी काढली, शेवटची तपासणी कधी झाली. ती रिक्वायरमेंट्सची फाइल स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. लॅपटॉप पडला तरी धंदा पडणार नाही.

दुसरी, बदलाचा दिवस. पगाराच्या किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी कोणतंही अपडेट करायचं नाही. नवीन आवृत्ती घ्यायची असेल तर वेगळी नवी डबी करा, जुन्या फायली चालवून हिशेब ताडा, मगच जुनी डबी सोडा. तोपर्यंत दोन्ही राहू द्या.

तिसरी, देखभालीचे पैसे. प्रोग्राम एकदा विकला आणि संपलं असं समजून दर सांगू नका. दरपत्रकात दोन ओळी वेगळ्या दाखवा: बनवण्याचे इतके, वर्षभर चालू ठेवण्याचे इतके. आणि दुसऱ्या ओळीत काय काय येतं तेही लिहा. जुनी डबी ही कायमची सोय नाही. 1.5.3 ला आता नवीन दुरुस्त्या येत नाहीत. डबीने फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळात प्रोग्राममधलं ‘अपेंड’ काढून ‘कॉन्कॅट’ वापरायचं आणि नव्या पांडाजवर यायचं, हे काम देखभालीत येतं. फुकट केलंत तर ते कधीच होणार नाही.

आपल्या मित्राचं पुढे काय झालं? दहाव्या दिवशी बिलं वेळेवर गेली, तीही केंद्राच्या कंप्युटरवरून. मावशींचं बिल त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा मांडून त्यांना दाखवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी ‘अपेंड’ही गेलं आणि दूधही नव्या डबीत आलं. कांदा आणि दूध आजही वेगवेगळ्या डब्यांत आहेत. केंद्रचालकांनी वही मात्र टाकलेली नाही, कंप्युटरशेजारी ठेवली आहे. ते बरोबरच आहे, असं माझं मत आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

1. ‘पाय -0’ चालवून आपल्याकडे कोणती पायथन आहेत ते वहीत लिहा.
2. चालू असलेल्या एका कामासाठी वेगळी डबी बनवा आणि यादी काढा.
3. डबी मुद्दाम पुसा आणि यादीवरून पुन्हा उभी करा. घड्याळ लावून किती मिनिटं लागली ते लिहा.
4. जुन्या एका फाइलचा हिशेब नव्या डबीत चालवून ताडून बघा.

तिसरा गृहपाठ सगळ्यात महत्त्वाचा. एकदा स्वतःच्या हाताने पुसून पुन्हा उभं केलं, की ग्राहकाच्या दारात लाल अक्षरं आली तरी हात थरथरत नाहीत.

पुढच्या भागात या प्रोग्रामची बॅट फाइल आणि ग्राहकाला द्यायचं एक पानी माहितीपत्रक तयार करू. तोपर्यंत कामाला लागा.